टंचाईतल्या केकचं पान

१

“पान नाहीये!”

बत्तीस वर्षं शाळेच्या मैदानावर सातशे मुलांना भोंग्याशिवाय गप्प बसवणारा अक्कांचा आवाज ग्रंथालयाच्या दालनात घुमला, तेव्हा मी मागच्या खोलीत चहात बिस्कीट बुडवत होते. बिस्कीट चहात पडलं. दिवस कसा जाणार हे मला तिथंच कळायला हवं होतं.

मी या ग्रंथालयाची बाइंडर. फाटकी पुस्तकं शिवते, सुटलेल्या पाठी बसवते. सगळे मला सुईताई म्हणतात. माझ्या बोलण्यावरून म्हणत नसावेत, अशी मी माझी समजूत करून घेतली आहे.

धावत बाहेर आले तर काचेच्या पेटीसमोर अक्का उभ्या होत्या आणि शेजारी आमचे ग्रंथपाल, चेहरा खडूसारखा पांढरा. पेटीत अक्कांच्या सासूबाईंची स्वयंपाकाची वही होती. शनिवारी अकरा वाजता प्रदर्शन उघडायचं होतं. शहरातल्या त्रेचाळीस घरांतल्या त्रेचाळीस वह्या, आणि त्यातली ही सगळ्यांत मानाची.

“बाविसावं पान गायब आहे,” ग्रंथपाल कसंबसं म्हणाले. “एकवीसनंतर एकदम तेवीस.”

वही आली की मी प्रत्येक पानावर शिसपेन्सिलीनं बारीक आकडा घालते, तोही फक्त पुढच्या बाजूला. मग मथळ्यांची यादी करते. कृती मात्र वाचत नाही. वाचलं की भूक लागते, आणि भुकेल्या हाताचे टाके वाकडे पडतात. यादीत मी लिहिलं होतं, ‘टंचाईतला केक: एकविसाव्याची मागची बाजू आणि बाविसाव्याची पुढची.’ वही नेमकी तिथंच उघडी ठेवायची होती.

“पण मग एकविसाव्याच्या पाठीवर केकची सुरुवात तरी असेल ना?” मी विचारलं.

“तिथं टोमॅटोचं सूप आहे,” ग्रंथपाल म्हणाले. “तुमची यादीच चुकलीय, सुईताई.”

माझी यादी चुकत नाही. एक वेळ घड्याळ चुकेल. मी पेटीत हात घालायला पुढे झाले, तोच अक्कांनी काचेचं दार धाडकन लावलं.

“हात लावायचा नाही! महिनाभर वही तुमच्याच ताब्यात होती. आणि वर हे बघा!”

त्यांच्या वाकड्या झालेल्या बोटानं त्यांनी खाली दाखवलं. भिंतीच्या फटीतून निघालेली मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग पेटीच्या पायावर चढून आत शिरत होती. आजूबाजूला बेचाळीस वह्या होत्या. मुंग्या त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हत्या. त्यांना अक्कांचीच वही हवी होती.

“खाता आणि त्याच हातांनी वह्या हाताळता,” अक्का म्हणाल्या. “उद्या अकरापर्यंत माझं पान मिळालं नाही, तर मी ही वही घेऊन जाईन. आणि बाकीच्या बेचाळीस घरांना सांगेन, तुम्हीही आपापल्या वह्या उचला.”

२

त्यांनी सांगितलं असतं तर सगळे आले असते, यात मला जराही शंका नव्हती. त्या बेचाळीस घरांपैकी निम्मी घरं अक्कांच्या विद्यार्थ्यांची. वह्या मिळाल्या त्याच मुळी अक्कांच्या शब्दावर.

लोकांना वाटतं, स्वयंपाकाच्या वहीत काय असायचंय, मीठ आणि मसाला. मी दोन वर्षं दारोदार फिरून त्या वह्या गोळा केल्या. एकीत साखर मिळेनाशी झाली त्या साली गोडाच्या सगळ्या कृती खोडून पुन्हा खजुरावर लिहिल्या आहेत. एकीत प्रत्येक सूपाखाली कोण आजारी होतं ते लिहिलंय आणि एका ठिकाणी ‘शेवटचं’ एवढाच शब्द आहे. हे सगळं कपाटांच्या तळाशी कसरीच्या पोटात चाललं होतं. माझ्या आईची वही अशीच रद्दीत गेली, मी बाइंडर असताना! जगाची पुस्तकं शिवत बसले आणि आईची वही वाचवली नाही. ते मला आजही सहन होत नाही. म्हणून ह्या त्रेचाळीस वह्या परत कपाटांत जाऊ द्यायच्या नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझं नाव गेलं तर गेलं.

मी अक्कांसाठी खुर्ची आणली, पाणी आणलं. पाणी पिऊन माणूस निम्मा शांत होतो. अक्का पाव झाल्या.

“तुम्ही स्वतः ते पान शेवटचं कधी पाहिलंत?” मी विचारलं.

“मी कशाला पाहू? आमच्याकडे वही सासूबाईंशिवाय कुणी उघडत नसे. त्या खुर्चीवर बसून वाचायच्या, आम्ही दोघी जावा ओट्याशी उभ्या राहून करायचो. त्या गेल्यावरही मी वही उघडली नाही. मला सगळं कानांनी पाठ आहे.”

“मग पान तुमच्यासाठी इतकं...”

“त्यात माझं नाव आहे!” अक्का उसळल्या आणि मग एकदम खाली बघून बोलल्या. “टंचाईच्या वर्षी तो केक मी शोधून काढला. सासूबाई कृती वाचून झाली की शेवटी दरवेळी म्हणायच्या, ‘कृती मोठ्या सुनेची.’ चाळीस वर्षांच्या वहीत माझ्या नावाची ती एकच कृती. मंगळवारी तुमच्या साहेबांची चिठ्ठी आली, वही त्या पानावर उघडी ठेवणार म्हणून. मी तशीच धावत आले इथं.”

हे खरं होतं. मंगळवारी त्या आल्या होत्या. वही माझ्या प्रेसमध्ये, म्हणजे दोन फळ्यांच्या मध्ये दाबून ठेवायच्या यंत्रात होती. त्यांनी वरच्या फळीवर नुसता हात ठेवला आणि गेल्या. संधिवातानं त्यांची बोटं अशी झालीत की पेनाचं टोपणही दुसऱ्याला काढावं लागतं.

आता ग्रंथपाल उरले. गुरुवारी वही पेटीत त्यांनी ठेवली होती. मी त्यांना कोपऱ्यात घेतलं.

“मी नुसती बंद वही उचलून आत ठेवली हो,” ते गयावया करत म्हणाले. “तुम्हीच तर प्रेसमधून काढून दिलीत. आठवतं ना, मूठ हलेना म्हणून आपण दोघं तिला लोंबकळलो होतो?”

आठवलं. तेव्हा मी दमट हवेला शिव्या घातल्या होत्या. पण हवा काही माझ्या प्रेसची मूठ आवळत नाही. मी सोडली होती त्याच्या दुप्पट ती कुणीतरी आवळली होती.

३

वहीसाठी भांडलेलं माणूस एकच होतं, आणि ते औषधांच्या दुकानात बसायचं. अक्कांची नणंद. दोन्ही भावजया तिला वन्सं म्हणत, म्हणून सगळा बाजारही वन्संच म्हणायचा. आई गेल्यावर वहीवर तिनं हक्क सांगितला होता, आणि दोन वर्षं अक्कांशी अबोला धरला होता.

“चोरी? आणि माझ्यावर संशय? वा!” वन्संना भलताच आनंद झाला. समोरच्या खोकलेकरी गिऱ्हाईकाला बाटली देऊन त्यांनी मला स्टुलावर बसवलं. “विचारा, विचारा. मी रविवारी दुपारी कुठे होते, असं विचारायचं असतं ना?”

“तुम्ही रविवारी माझ्याच खोलीत होतात.”

“होते की. वहीचा वास घ्यायला आले होते. आईच्या हातांना यायचा तसा वास येतो तिला, जायफळ आणि साबण.” त्यांनी नाक ओढलं आणि लगेच हसल्या. “तुम्ही समोर बसून शिवत होतात. मी पान कसं घेणार? आणि घ्यायचं तर सगळी वहीच नसती का नेली?”

हे मला पटलं. शिवाय माझ्याकडे दुसरंही कारण होतं. स्वयंपाकघरातल्या वह्या वाफेनं ओलावलेल्या असतात. त्या सुकल्या की नाही हे मी वजन करून ठरवते. सोमवारी संध्याकाळी मी ही वही एक एक पान उलटून तपासली होती, वजन केलं होतं आणि प्रेसमध्ये घातली होती. तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. म्हणजे रविवारचा वन्संचा पाहुणचार यादीतून बाद.

“एक सांगा,” मी म्हटलं, “टंचाईतला केक तुम्हाला येतो?”

“मला उकडलेलं अंडं नीट येत नाही. तो केक मोठ्या वहिनीचा. दरवर्षी आमच्या सगळ्यांच्या वाढदिवसाला तीच करते आणि आम्ही सगळे वा वा करतो. सगळ्यांत मोठ्यानं धाकटी वहिनी. स्वतःची एवढी बेकरी आहे, पण ह्या केकचा तुकडा ताटलीत पडला की ती डोळे मिटून खाते.” वन्सं जरा थांबल्या. “गंमत म्हणजे तिच्या दुकानात जगातले सगळे केक मिळतात. तो एक मिळत नाही.”

मी स्टुलावरून उठले. बुधवारी माझ्याकडे कोण आलं होतं, हे मला लाज वाटत असल्यामुळे मी इतका वेळ आठवत नव्हते.

४

माझ्या कामाच्या खोलीत खायचं नाही, हा नियम मीच केलाय. बुधवारी अक्कांच्या धाकट्या जाऊबाई, म्हणजे बेकरीवाल्या, गरम क्रीमरोलचा डबा घेऊन आल्या. “तुम्ही खा, मी सासूबाईंच्या वहीपाशी जरा बसते,” म्हणाल्या. नियम पाळायला मी डबा घेऊन मागच्या अंगणात गेले. चार क्रीमरोल खाल्ले. चार क्रीमरोलना माझ्या वयात पाऊण तास लागतो.

दुपारी मी बेकरीत पोचले तेव्हा त्या तीन मजली केकवर साखरेची फुलं लावत होत्या. पन्नाशीची बाई, मनगटं पहिलवानासारखी, पहाटे चारपासून कणीक तिंबून घट्ट झालेली. मला बघून त्यांच्या हातातलं फूल क्षणभर हवेत थांबलं. मग त्यांनी वाटीतल्या पांढऱ्या आयसिंगमध्ये ब्रश बुडवला, फुलाच्या मागं एक हात फिरवला आणि ते केकच्या कडेला दाबून धरलं. दहा आकडे मोजले. फूल जे बसलं ते बसलंच.

“हे कशाचं असतं हो?” मी वाटीकडे बोट केलं.

“पिठीसाखर आणि अंड्याचं पांढरं. आमच्याकडे सगळं ह्यानंच चिकटतं. सुटं झालेलं खोक्याचं झाकणसुद्धा.”

मी तिथल्या पिंपावर मटकन बसले. इतका वेळ न जुळणारा टाका जुळला होता.

“जाऊबाई,” मी म्हटलं, “माझ्या खळीत मी लवंगेचं तेल घालते. मुंगी तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. पण आज सकाळी तुमच्या सासूबाईंच्या वहीत मुंग्या शिरल्या. म्हणजे त्या वहीत माझी नसलेली खळ आहे. गोड खळ.”

त्यांनी ब्रश पुन्हा वाटीत बुडवला.

“चोर एक पान फाडून नेऊ शकतो. शेजारच्या पानाची फक्त पाठ नेऊ शकत नाही. इथं बाविसावं पान नाही आणि एकविसाव्याची पाठही नाही, तिथं भलतंच सूप आहे. हे फाडून होत नाही. त्या दोन पानांची तोंडं एकमेकांना चिकटवली तरच होतं. आकडा आत, केक आत. आणि सूप आहे ते बाविसाव्याच्या पाठीवरचं. ती वही तशीही तेला-लोण्यानं जाड झालेली, कुणाच्या बोटांना कळणार?”

“साहेबांनीही केलं असेल,” त्या हळूच म्हणाल्या.

“त्यांनी वही सरळ पेटीत ठेवली. दाबून न ठेवता ओली पानं वाळली असती तर पापडासारखी वाकली असती. ही सपाट आहेत. ज्यानं चिकटवलं त्यानं वही परत माझ्या प्रेसमध्ये घातली आणि मूठ आवळली. अशी आवळली की आम्हाला दोघांना सुटेना. अक्कांच्या बोटांना ते जमेल का?”

बेकरीवाल्यांनी आपल्या मनगटांकडे पाहिलं, आणि त्या चक्क हसल्या. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

“अक्कांनी मंगळवारी चिठ्ठी दाखवली, तेव्हा फाडायचं मनात आलं होतं,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंच्या हातचं फाडवेना. साखर काय, ओल्या फडक्यानं कधीही सुटेल. पेटीत आठवडाभर राहील, मग गुपचूप सोडवीन, असं ठरवलं होतं. तुमच्यावर येईल असं खरंच वाटलं नव्हतं हो.”

“आत काय आहे?”

“ते विचारू नका.” त्यांनी माझा हात धरला, साखरेनं चिकट झालेल्या हातानं. “अक्कांनी ते वाचलं तर त्या मोडतील, सुईताई. तुमच्या बेचाळीस वह्या मी पाया पडून परत आणून देईन. पण ते पान उघडू नका.”

५

शनिवारी सकाळी नऊला मी सगळ्यांना दालनात बोलावलं. रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर झाल्यावर मला एवढंच सुचलं होतं की, पान आहे हे सांगणं माझं काम. ते उघडायचं की नाही, हे ज्यांची वही आहे त्यांनी ठरवावं.

अक्का इस्त्रीच्या कडक कपड्यांत आल्या होत्या. वन्सं दुकान बंद ठेवून आल्या होत्या, आणि असं दृश्य चुकवणारी मी नव्हे, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. बेकरीवाल्या दाराशीच उभ्या राहिल्या.

“मी वहीला हात लावणार नाही,” मी अक्कांना म्हटलं. “तुम्हीच ती ह्या काट्यावर ठेवा.”

“हा काय पोरखेळ?”

“सोमवारी वहीचं वजन सहाशे बारा ग्रॅम होतं. माझ्या नोंदीत आहे, खाली साहेबांची सही आहे. एक पान चार ग्रॅमचं. पान गेलं असेल तर काट्यावर किती यायला हवं?”

“सहाशे आठ,” अक्का तत्क्षणी म्हणाल्या. मुख्याध्यापिकेला गणित घातलं की ती राग विसरते.

त्यांनी मुंग्या झटकून वही काट्यावर ठेवली. आकडे धावले आणि थांबले. सहाशे सतरा.

“तुमचा काटा बिघडलाय,” ग्रंथपाल म्हणाले.

वन्संनी ताबडतोब पिशवीतून वजन छापलेल्या ग्लुकोजच्या दोन पुड्या काढल्या, “ही पन्नास, ही शंभर,” म्हणत एकेक ठेवून बघितली आणि जाहीर केलं, “काटा ठणठणीत आहे. वही जाड झाली आहे.”

“पान गेलेलं नाही, अक्का,” मी म्हणाले. “उलट पाच ग्रॅम साखर आत आली आहे. एकवीस आणि बावीस ही दोन पानं एकमेकांना चिकटवलेली आहेत. तुमचा केक वहीतच आहे.”

अक्कांनी वाकड्या बोटांनी ती पानं चाचपली. त्यांच्या चेहऱ्यावर आधी सुटकेचा आनंद आला. मग त्यांच्या लक्षात आलं की, साखर आपोआप वहीत येत नाही. त्या माझ्याकडे वळल्या.

“कुणी केलं हे?”

हे मी सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मी तोंड बंद ठेवलं. माझ्या बाबतीत असं क्वचित घडतं, त्यामुळे खोलीतली शांतता सगळ्यांनाच जाणवली.

“मी केलं,” दारातून आवाज आला. “सुईताईंचा ह्यात काही दोष नाही, अक्का. मी चिकटवलं.”

“तू?” अक्का वळल्या. “का?”

“आत आहे ते तुम्ही वाचू नये म्हणून.”

वन्संनी काट्यावरची पुडी उचलली आणि ती हातातच धरून ठेवली. मी मनात म्हटलं, आता अक्का वही उचलतील आणि जातील. त्यांनी वही उचलली, आणि माझ्यासमोर ठेवली.

“सुईताई, काल मी तुम्हाला नको ते बोलले,” त्या म्हणाल्या. “चुकलं माझं. आता हे सोडवून द्या.”

“अक्का, नको ना...” धाकटी पुढे आली.

“अगं, मी वाचू नये असं ज्यात आहे, ते न वाचता मी घरी कशी जाऊ?”

६

साखर सोडवायला अर्धा तास लागला. सासूबाई शिसपेन्सिलीनं लिहायच्या, हे माझं नशीब. शाई असती तर पाण्यानं घात केला असता. मी ओलसर टिपकागद कडेपासून सरकवत गेले, बोटभर सुटलं की थांबले, पुन्हा सरकवला. ग्रंथपाल श्वास रोखून उभे होते, इतका की शेवटी वन्संनी त्यांना “सोडा आता” म्हणून सांगितलं. दहा वाजायच्या आत दोन्ही पानं उघडी झाली. एक अक्षर पुसलं गेलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

मी बाजूला झाले. अक्का खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा ते पान त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला घेतलं. मोठ्यानं. त्यांना दुसरं वाचताच येत नाही.

“‘टंचाईतला केक. मैदा अर्धाच मिळाला, अंडी नाहीत, लोणी नाही. उकडलेले बटाटे दोन, पूर्ण गार झाल्यावरच किसायचे. साखर आठ चमचे, त्यातले पाच शेजारणीनं दिलेले. दूध मिळेल तेवढं. सोडा. व्हिनेगर सगळ्यांत शेवटी, आणि मग थांबायचं नाही, लगेच भट्टीत.’” त्यांचा आवाज खणखणीत होता. ओठ तर आधीच हलत होते, डोळे मागून येत होते. “‘कृती...’”

त्या थांबल्या. धाकटीनं तोंडावर पदर दाबून धरला.

“‘कृती धाकट्या सुनेची,’” अक्कांनी वाचलं. आवाज खाली आला, पण त्या वाचायच्या थांबल्या नाहीत. “‘बटाटा घालायचं मोठीला सुचलं, पण तिचे तीन केक बसले. सकाळपासून ती कुणाशी बोललेली नाही, जेवलेली नाही. धाकटीनं येऊन माझ्या कानात सांगितलं, बटाटा गार करा आणि व्हिनेगर शेवटी घाला. मी मोठीला ते तिचीच कृती म्हणून वाचून दाखवलं. केक फुलला, मोठी हसली. हे इथं खरं लिहून ठेवते, वाचताना मात्र तिचंच नाव वाचीन. धाकटीला उद्या दुसरं काही सुचेल. मोठीला आज हे हवं आहे.’”

वन्संनी नाक शिंकरलं.

“तुला हे कधीपासून माहीत आहे?” अक्कांनी विचारलं.

“सासूबाईंना शेवटी दिसेनासं झालं, तेव्हा त्या मला खोलीत बोलावून वाचून घ्यायच्या,” धाकटी म्हणाली. “हे पान मी वाचलं तेव्हा म्हणाल्या, लिहिलंय ते लिहिलंय, पण हे पान स्वयंपाकघरात मीच वाचणार. मग त्या गेल्या. मला वाटलं, आता ते कुणी वाचणारच नाही.”

“आणि तुझ्या दुकानात तो केक...”

“तो तुमचा आहे.”

“माझा कुठला! इथं स्वच्छ लिहिलंय.” अक्कांनी पानावर टिचकी मारली. मी कळवळले, पण गप्प बसले. “एकतीस वर्षं मी तुझाच केक तुला ताटलीत घालून देते, आणि तू डोळे मिटून वा वा करतेस!”

“तुमच्या हातचा माझ्यापेक्षा चांगला होतो. खरंच. मी घरी दोनदा करून बघितला.”

वन्सं आधी हसल्या. मग अक्का हसल्या, त्या हसण्यानं त्यांचा चष्मा नाकावरून घसरला, आणि तो सावरताना डोळ्यांचं पाणी गालावर आलं ते त्यांनी पुसलंही नाही. बाहेर पायऱ्यांवर माणसं जमल्याचा आवाज यायला लागला होता. ग्रंथपालांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घाबरत घाबरत अक्कांकडे.

“मग... वही... म्हणजे आम्ही ती टोमॅटोच्या सूपावर उघडी ठेवू शकतो,” ते म्हणाले. “सूपही छान आहे.”

“सूप कशाला? ह्याच पानावर उघडी ठेवा.”

“अक्का, नको,” धाकटीनं त्यांचा दंड धरला. “सगळं गाव येणार आहे. तुम्ही सगळ्यांना सांगितलंय वहीत तुमचं नाव आहे म्हणून. लोक हसतील हो.”

“हसू देत. एवढी वर्षं तू एकटीच मनात हसत असशील, आता सगळ्यांना हसू दे.”

धाकटीनं मान हलवली. “मी एकदाही हसले नाही, अक्का.”

अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा नीट डोळ्यांवर बसवला. मग धाकटीचा साखरेनं खरखरीत झालेला हात त्यांनी आपल्या वाकड्या बोटांत घेतला.

“ते मला माहीत आहे गं,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर उघडं ठेवायचं.”